इंग्रजी इडियम्सचा अर्थ लागावा कसा? पाठ करून डोक्यात राहत नाही

पऱ्हाटी_०७ (धागाकर्ती)

नमस्कार सगळ्यांना. मी दारव्ह्याजवळच्या एका गावची, तलाठी भरतीचा अभ्यास करून राहिली. पेपर शंभर प्रश्नांचा, दोनशे मार्कांचा, त्यात पंचवीस प्रश्न इंग्रजीचे. ग्रामरचं मला भेव नाही, नियम लावला की उत्तर येते. पण इडियम आली की गाडी अडते कारण शब्द सगळे ओळखीचे असतात अन् अर्थ भलताच निघतो.

परवा अभ्यासिकेत सराव पेपर सोडवला. प्रश्न होता 'टू पुल समवन्स लेग'. मी बिनधास्त 'दुसऱ्याच्या प्रगतीत आडवं येणे' या पर्यायावर खूण केली, आपण म्हणतोच ना की याचे पाय ओढू नका. उत्तर निघालं 'गंमत करणे, फिरकी घेणे'. अर्धा तास मी त्या पेपराकडे पाहत बसली. मला वाटलं होतं की मराठीत सारखी म्हण सापडली म्हणजे काम झालं, अन् तीच मला घेऊन बुडाली.

मॅडम म्हणतात चारशेची यादी आहे, रोज वीस पाठ कर. सोमवारी पाठ केलेल्या गुरुवारपर्यंत जातात. तुम्ही कसं शिकले? मराठी म्हणीशी जोडून शिकावं का नाही शिकावं? खरंच सांगा, पेपर जवळ आहे.

नुसतं_वाचतो

पाठ करा. दुसरा रस्ता नाही.

दर्यापूरचे_मास्तर

पऱ्हाटी बाळा, तुझी चूक मला फार आवडली. उत्तर चुकलं हे खरं, पण तू डोकं लावलंस, तुक्का मारला नाहीस. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, त्यावरून सांगतो, पाठ केलेली इडियम परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी जाते आणि डोळ्यासमोर आलेली इडियम जन्मभर राहते.

एक प्रसंग सांगतो. सातवीत 'ब्रेक द आइस' शिकवत होतो. थंड देशात नदी गोठते, पहिली नाव बर्फ फोडत जाते तेव्हा मागच्यांना वाट मिळते, असं फळ्यावर चित्र काढून सांगितलं. पोरांचे चेहरे कोरे. गोठलेली नदी आमच्या पोरांनी पाहायची कुठं, आमची पूर्णा तर उन्हाळ्यात आटते. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक पोरगा उठला, म्हणे सर, लग्नात बर्फाची लादी येते तशी का? मी म्हटलं सांग बरं. तो म्हणे, लादी बारदान्यात गुंडाळून मांडवाच्या कोपऱ्यात पडलेली असते, सगळे तहानलेले असतात पण हात कोणी लावत नाही, मग एक मामा उठतो, हातोडा घेतो, पहिला घाव घालतो, की लगेच दहा जण ग्लास घेऊन येतात अन् गप्पा सुरू होतात. त्या दिवशी वर्गाला जे कळलं ते माझ्या चित्रानं कळलं नसतं. आणि आपल्याकडं 'कोंडी फोडणे' म्हणतात हे मी सांगायच्या आधी एका मुलीनं सांगितलं.

म्हणून मराठीशी जरूर जोड, पण जोडताना एकदा हटकून विचार की चित्र सारखं आहे की अर्थ सारखा आहे. 'टर्न अप वन्स नोज' म्हणजे नाक मुरडणे, इथं दोन्ही सारखे. 'कट युवर कोट अकॉर्डिंग टु युवर क्लॉथ' म्हणजे अंथरूण पाहून पाय पसरणे, इथं चित्र वेगळं पण अर्थ तोच. पाय ओढण्याचं चित्र सारखं आणि अर्थ वेगळा. धोका फक्त या शेवटच्या जातीत आहे, आणि अशा थोड्याच असतात. त्या तेवढ्या लाल पेनानं लिहून ठेव.

निंबाचं_झाड

मास्तर, लाल पेनवाल्या अजून सांगा ना. मुलगी दहावीत आहे, तिलाही देते.

दर्यापूरचे_मास्तर

घ्या. 'वॉश युवर हँड्स ऑफ समथिंग' म्हणजे जबाबदारी झटकणे, माझा संबंध नाही म्हणणे. बायबलमध्ये पिलात नावाचा सुभेदार लोकांसमोर हात धुतो आणि या माणसाच्या रक्ताचा दोष माझ्यावर नाही म्हणतो, तिथून आलं. आपल्याकडं मात्र हात धुवून घेणे म्हणजे संधी साधून फायदा उपटणे, आणि हात धुवून मागे लागणे म्हणजे पिच्छा न सोडणे. एकच हात धुणं, अर्थ तीन! इंग्रजीतल्या हात धुण्याला आपलं 'हात झटकणे' बसतं.

दुसरी 'बाइट द बुलेट'. पोरं हमखास दातओठ खाणे लिहितात. दातओठ खाण्यात राग आहे. बाइट द बुलेटमध्ये राग नाही, टाळता न येणारं दुःख मन घट्ट करून सोसणं आहे.

तिसरी 'वॉटर अंडर द ब्रिज'. आपण म्हणतो पुलाखालून बरंच पाणी वाहून गेलं, म्हणजे काळ गेला, परिस्थिती बदलली. इंग्रजीत त्याचा रोख 'झालं गेलं, आता उकरू नका' असा असतो. भांडण मिटवताना म्हणतात.

जिनवाला_हिंगणघाट

वा मास्तर. आम्ही पिढीजात जिनिंगच्या धंद्यातले, आमच्याकडच्या सांगतो. आपण गावात सरळ 'जीन' म्हणतो ना, जीनवर गाडी खाली केली वगैरे, तो शब्द एंजिनचाच तुटका तुकडा आहे. यंत्राला जुन्या इंग्रजीत जिन म्हणायचे. सरकी काढायच्या यंत्राचं पेटंट एली व्हिटनीला १७९४ मध्ये अमेरिकेत मिळालं, त्याला कॉटन जिन नाव पडलं, आणि तो शब्द विदर्भात येऊन आपल्या तोंडी बसला.

आता इडियम. 'कॉटन ऑन टु समथिंग' म्हणजे एखादी गोष्ट ध्यानात येणे, उमगणे. 'स्पिन अ यार्न' म्हणजे लांबलचक गोष्ट रचून सांगणे, सूत कातल्यासारखी. आणि मला सगळ्यात आवडते 'ऑन टेंटरहुक्स'. टेंटर म्हणजे लाकडी चौकट. लोकरीचं ओलं कापड आटू नये म्हणून त्या चौकटीवर चारी बाजूंनी आकड्यांना ताणून वाळवत. त्या आकड्यांवर ताणलेलं कापड म्हणजे काळजीनं ताणलेला माणूस. आपण काय म्हणतो? जीव टांगणीला लागला! कुठं इंग्लंडचे विणकर अन् कुठं आपण, पण काळजी दोघांनीही टांगूनच ठेवली.

बरेच जण याला 'टेंडर हुक्स' म्हणतात, ते चूक आहे. टेंडरचा इथं संबंध नाही.

आर्णीचा_पोट्टा

कॉटन ऑन बाबांले सांगतलं. ते म्हणे, चाळीस वर्षं कापूस लावला मंग मले तं सारंच उमगलं असंन 😄

पुण्यात_आयटीत

मी मूळची नेरची, आता पुण्यात. थोडं वेगळं मत मांडते. पुस्तकातल्या अर्ध्या इडियम्स आज कोणी बोलत नाही. 'इट्स रेनिंग कॅट्स अँड डॉग्स' (धो धो पाऊस पडतोय) आपल्याला पाचवीपासून शिकवतात, मी आठ वर्षं परदेशी क्लायंटशी रोज बोलते, एकाच्याही तोंडून ऐकली नाही. ते साधं 'पोअरिंग' म्हणतात. जोनाथन स्विफ्टनं १७३८ च्या पुस्तकात बड्या लोकांच्या घिस्यापिट्या बोलण्याची टर उडवली, त्यातही ही आहे, म्हणजे तेव्हाच ती वापरून गुळगुळीत झाली होती. अन् गवताच्या छपरावरून कुत्री-मांजरं घसरून पडायची म्हणून ती म्हण आली ही गोष्ट फिरत असते, ती खोटी आहे, कोणाला पाठवू नका.

उलट रोज लागतात त्या कोणी शिकवत नाही. 'द बॉल इज इन युवर कोर्ट' (आता निर्णय तुमच्याकडं), 'लेट्स टच बेस' (थोडं बोलून घेऊ), 'लो हँगिंग फ्रूट' (सहज होणारं काम). पहिल्या नोकरीत अमेरिकन मॅनेजर म्हणाला 'लेट्स टेबल धिस'. मी ब्रिटिश पुस्तकं वाचलेली, त्यात टेबल करणे म्हणजे विषय चर्चेला घेणे. मी रात्रभर बसून सगळी आकडेवारी तयार केली. सकाळी कळलं की अमेरिकेत त्याचा अर्थ बरोबर उलटा, विषय बाजूला ठेवणे. कोणी हसलं नाही, पण मला फार लागलं होतं. तेव्हापासून न कळलेलं त्याच मिनिटाला विचारते.

म्हणून माझं म्हणणं, म्हण कुठल्या काळाची, कुठल्या देशाची, हे बघितल्याशिवाय पाठांतर वाया.

नुसतं_वाचतो

ताई, तिला तलाठी व्हायचं आहे, अमेरिकेशी बोलायचं नाही. पेपरात रेनिंग कॅट्स अँड डॉग्सच येणार आहे.

पुण्यात_आयटीत

ते मान्य. पण तलाठी झाल्यावरही इंग्रजी लागणारच ना दादा.

नऊवारी_आजी

माझा पण एक प्रश्न घ्या. 'द होल नाइन यार्ड्स' म्हणजे पूर्णच्या पूर्ण, काहीच मागे न ठेवता. आमच्या बचत गटात एकीनं सांगितलं की हे आपल्या नऊवारी लुगड्यावरून आलं. खरं आहे का? मला तर पटलं, मी जन्मभर नऊवारीच नेसते.

ग्रंथालयवाली

आजी, पटण्यासारखं आहे पण तसं नाही. म्हण अमेरिकेची आहे. इंडियाना राज्यातल्या वर्तमानपत्रात १९०७ साली 'फुल नाइन यार्ड्स' छापलेलं सापडलं आहे, आणि केंटकीच्या वर्तमानपत्रात १९१२ साली 'होल सिक्स यार्ड्स'. म्हणजे नऊचा आकडाही तेव्हा पक्का नव्हता.

आर्णीचा_पोट्टा

म्हणजे तिकडंही सहावारी अन् नऊवारी दोन्ही होत्या!! हसून हसून पुरेवाट

नऊवारी_आजी

असू दे. गटात सांगते उद्या, पण म्हण मी लक्षात मात्र लुगड्यावरूनच ठेवीन.

ग्रंथालयवाली

ठेवा की आजी, लक्षात ठेवायला लुगडंच चांगलं. आणि खरोखर आपल्या मातीतून गेलेली एक सांगते. 'डूलाली' म्हणजे डोकं फिरलेला. हे आपलं नाशिकजवळचं देवळाली. इंग्रजांची तिथं छावणी होती, नोकरी संपलेले गोरे शिपाई मायदेशी जायच्या बोटीची वाट पाहत तिथं पडून राहायचे. काम नाही, ऊन, ताप, महिनोन्महिने नुसती वाट. डोकी फिरायची. त्याला ते 'डूलाली टॅप' म्हणायचे, आणि टॅप म्हणजे आपला ताप! इंग्लंडमध्ये आजही म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी हा शब्द ऐकू येतो.

निंबाचं_झाड

हे वाचून अंगावर काटा आला. आमचे मोठे दीर देवळालीला तोफखान्यात होते, त्यांना सांगते.

पंचांगवाले_काका

'वन्स इन अ ब्लू मून' राहिली. आपल्याकडं याला जवळची गोष्ट धोंड्याचा महिना. नुसतं जवळचं नाही, गणितच एक आहे. १९ वर्षांत इंग्रजी महिने होतात २२८ आणि पौर्णिमा येतात २३५. सात पौर्णिमा जास्तीच्या. त्या कुठंतरी बसवायच्या तर काही इंग्रजी महिन्यांत दोन-दोन पौर्णिमा पडतात, त्यातल्या दुसरीला ते ब्लू मून म्हणतात. आपण त्याच सात जास्तीच्या चांद्र महिन्यांना अधिक मास करतो. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दोन पौर्णिमा होत्या. म्हण मात्र या दोन पौर्णिमांच्या व्याख्येहून जुनी आहे, ही व्याख्या १९४६ साली एका अमेरिकन खगोल मासिकातल्या लेखातल्या चुकीमुळं रूढ झाली. म्हणून परीक्षेत अर्थ लिहायचा 'क्वचित, कधीतरी'. दर तीन वर्षांनी असं नका लिहू.

आर्णीचा_पोट्टा

जावयाले इचारा, धोंडे खायाले भेटणं म्हणजे ब्लू मूनच आहे 😄

वावरातून_लिहितो

मी सहसा लिहीत नाही, वाचतो. पण पऱ्हाटीताईसाठी लिहून राहिलो. मी बारावी नापास, शेती करतो. पोरीचं इंग्रजी पुस्तक होतं, त्यात 'मेक हे व्हाइल द सन शाइन्स' होतं. पोरगी म्हणे बाबा हे म्हणजे काय, हे तर 'अरे' सारखं वाटते. डिक्शनरीत पाहिलं तर वाळलेलं गवत. मंग मले एकदम कळलं. त्याच आठवड्यात आमचं सोयाबीन कापून सुडी (ढीग) लावून पडलं होतं, हडंबा (मळणी यंत्र) मिळत नव्हता, सगळ्यांचं एकदमच निघालं ना. दुपारी चांगलं कडक ऊन होतं, शेजारी म्हणे आज सुडी उघडी करून वाळव, उद्या नंबर लागते. मी म्हटलं उद्या पाहू. रात्री दोन वाजता पाणी आलं, मी अन् बायको ताडपत्री ओढत होतो अन् ताडपत्री वाऱ्यानं उडून जात होती, बॅटरी तोंडात धरून दगडं ठेवले तिच्यावर. खालचा थर भिजलाच. काळे पडले दाणे, भावात मार खाल्ला. पोरीले मी तेच सांगतलं, इंग्रज कास्तकाराचं गवत भिजलं असंन तेव्हाच ही म्हण निघाली. तिनं ते पेपरात लिहिलं, तिच्या भाषेत, पूर्ण मार्क भेटले.

दर्यापूरचे_मास्तर

भाऊ, तुमच्यासारखं मला वर्गात कधी सांगता आलं नाही. ही म्हण जॉन हेवूडच्या १५४६ सालच्या म्हणींच्या संग्रहात आहे. म्हणजे पावणेपाचशे वर्षांपूर्वी तिकडचा शेतकरीही आभाळाकडेच बघत होता.

झडीतला_पाऊस

विषय थोडा वळवतो, माफी असावी. आपण इंग्रजीचं बोलतोय पण आपल्याच म्हणी पोरांना कुठं कळतात? माझ्या भाच्याला विचारलं 'बैल गेला अन् झोपा केला' म्हणजे काय. म्हणे बैल हरवला तरी मालक झोपा काढत होता! मी त्याला गावी नेऊन दाखवलं. झोपा म्हणजे गोठ्याचं कुडाचं दार, काट्याकुट्याचं, तुराट्या बांधून केलेलं. आता गोठ्यांना लोखंडी गेट लागले, झोपा गेला, अन् म्हणीचा अर्थही त्याच्यासोबत गेला. इंग्रजीत हेच 'लॉकिंग द स्टेबल डोअर आफ्टर द हॉर्स हॅज बोल्टेड'. त्यांचा घोडा, आपला बैल. पण त्यांच्याही शहरातल्या पोरांनी तबेला कुठं पाहिला असेल.

अन् आपल्या 'झड'ला इंग्रजीत काय म्हणायचं ते कोणी सांगा. तीन दिवस सूर्य दिसत नाही, पाणी ना जोरात ना बंद, ओल भिंतीत चढते, चुलीत लाकूड पेटत नाही. रेनिंग कॅट्स अँड डॉग्स म्हणजे धो धो, झड नाही.

वणीकर

झडीला इंग्रजी शब्द शोधू नका, झड झडच राहू द्या. मी एक देतो अन् जातो. 'टर्न अ ब्लाइंड आय' म्हणजे कानाडोळा करणे. नेल्सन नावाच्या इंग्रज आरमारी अधिकाऱ्याचा उजवा डोळा लढाईत गेला होता. १८०१ मध्ये कोपनहेगनला वरिष्ठांनी माघारीचा बावटा दाखवला तेव्हा त्यानं दुर्बीण त्या आंधळ्या डोळ्याला लावली अन् म्हणाला मला तर बावटा दिसत नाही, अशी गोष्ट सांगतात. तलाठी झाल्यावर, पऱ्हाटीताई, रेतीच्या ट्रॅक्टरकडं ही इडियम लावू नका एवढी विनंती. आमच्या नदीचं पात्र खरवडून नेलं आहे.

नुसतं_वाचतो

मी पहिल्यांदा 'पाठ करा' लिहिलं होतं, अर्धं मागे घेतो. चित्र समजून घ्या, पण मग पाठही करा. समजलेलं सुद्धा उजळणी नाही केली तर जाते, मी दोन परीक्षा अशाच घालवल्या. मास्तरांच्या लाल पेनवाल्या शेवटच्या दिवशी परत बघा.

बीट_गार्ड

उशिरा आलो. 'बीट अराउंड द बुश' कोणी घेतली नाही. मेळघाटात जुनी माणसं हाक्याच्या गोष्टी सांगतात. शिकारीच्या काळी हाकेवाले झुडपाभोवती काठ्या आपटत फिरायचे, पाखरं, जनावरं बाहेर निघायची, बंदूकवाला वेगळाच उभा. झुडपाभोवती नुसतं बडवत राहायचं, आत मात्र शिरायचं नाही, म्हणजे मुद्द्यावर यायचं नाही. आडवळणानं बोलणे. आता शिकार बंद आहे, हाका नाही, बोलण्यात मात्र तो रोज असतो.

पऱ्हाटी_०७ (धागाकर्ती)

सगळ्यांचं वाचलं, दोन वेळा वाचलं. काय लिहू कळत नाही, इतक्या लोकांनी माझ्यासाठी वेळ काढला. वावरातून लिहिणाऱ्या दादांचं वाचून रडू आलं, आमचंही मागच्या साली तसंच भिजलं होतं.

चारशेची यादी मी बाजूला ठेवली, फेकली नाही. वही केली. डाव्या पानावर शब्दांचं चित्र, उजव्या पानावर खरा अर्थ अन् आपल्याकडं काय म्हणतात ते, फसव्या लाल पेनानं. पाच दिवसांत साठ झाल्या अन् काल उजळणी केली तर त्रेपन्न आल्या. पुलिंग लेगच्या पानावर 'पाय ओढणे नाही, फिरकी घेणे' मोठ्या अक्षरात लिहिलं. चुकलेल्या सातमध्ये सहा अशा आहेत ज्यांचं चित्र मला अजून दिसलं नाही, 'रेड हेरिंग' त्यातलीच, ती मासोळी कोणाला माहीत असेल तर सांगा.

रात्री बाबांना वही वाचून दाखवली. बाबा चौथी शिकलेले, तरी ऐकत बसले. टेंटरहुक्सवर थांबवलं. म्हणे परत वाच. वाचलं. आकडे, चौकट, ओलं कापड, सगळं सांगितलं. थोडा वेळ बोलले नाहीत, मग म्हणे, धूळपेरणी करून मिरगाच्या पाण्याची वाट पाहतो आपण, ते हेच होय ना वं?

हो बाबा, हेच.